पल्स, पल्स विड्थ आणि पीडब्ल्यूएम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिप्लोमाची मुलं, घरी अर्दुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घेऊन बसलेली हौशी मंडळी आणि दुरुस्तीच्या कामात मुरलेले कारागीर, तिघांकडूनही पल्सबद्दल मला जवळपास तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. वाचताना एक प्रश्न मनात ठेवा: समोरची पल्स माप देते आहे की निरोप? बहुतेक घोटाळ्यांची गाठ तिथेच असते.

पल्स म्हणजे काय आणि तिची रुंदी कुठून कुठपर्यंत मोजायची?

सिग्नल एका पातळीवरून दुसरीवर गेला, काही काळ तिथे थांबला आणि परत आला, की झाली एक पल्स. पाठ्यपुस्तकात तिला स्पंद म्हणतात, कामाच्या टेबलावर सगळे पल्सच म्हणतात. ती जितका वेळ टिकली तितकी तिची पल्स विड्थ. रुंदी म्हटलं की डोळ्यासमोर अंतर येतं, पण हे माप वेळेचं आहे. स्कोपच्या, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या, पडद्यावर वेळ आडवा पसरतो, म्हणून तो शब्द रूढ झाला.

वहीत आपण पल्सच्या कडा सरळ उभ्या काढतो. प्रत्यक्षात त्या तिरप्या असतात, कारण व्होल्टेज चढायला वेळ लागतो. म्हणून ठरलेला रिवाज असा: चढताना निम्मी उंची जिथे गाठली तिथपासून उतरताना निम्मी उंची जिथे आली तिथपर्यंत मोजायचं. ५ व्होल्टची पल्स असेल तर २.५ पासून २.५ पर्यंत. चढायला लागणारा वेळ, म्हणजे राइज टाइम, मात्र १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत धरतात.

इथे एक चूक नेहमी होते. काही सिग्नल एरवी वर असतात आणि काम असताना खाली येतात. टीव्हीच्या रिमोटचा रिसीव्हर तसाच आहे. तिथे पल्स म्हणजे खालचा भाग. सवयीने वरचा भाग मोजला, तर तुम्ही पल्स मोजलीच नाही, दोन पल्समधली फट मोजली.

पल्स विड्थ, पीरियड, फ्रिक्वेन्सी आणि ड्यूटी सायकल यांत नेहमी गल्लत होते. सोपं करून सांगाल का?

एक पल्स सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा वेळ म्हणजे पीरियड. सेकंदात असे किती पीरियड बसतात ती फ्रिक्वेन्सी. पीरियडपैकी किती वाटा सिग्नल चालू होता, ते ड्यूटी सायकल. ४ मिलिसेकंदांच्या पीरियडमध्ये १ मिलिसेकंद चालू, तर ड्यूटी २५ टक्के आणि फ्रिक्वेन्सी २५० हर्ट्झ.

आता ४ सेकंदांत १ सेकंद चालू ठेवा. ड्यूटी तीच, २५ टक्के. एलईडीवर पहिला प्रकार मंद उजेड म्हणून दिसेल, दुसरा उघडझाप म्हणून. ड्यूटी सायकल हे नुसतं गुणोत्तर आहे, प्रत्यक्ष किती वेळ गेला हे त्यात राहत नाही. म्हणून 'ड्यूटी किती?' असं कुणी विचारलं तर त्याला आधी 'कुठल्या फ्रिक्वेन्सीला?' असं विचारावं.

हे गुणोत्तर आकाशातही भेटतं. पल्सार म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ पल्स पाठवणारा तारा. १९६७ साली सापडलेल्या पहिल्या पल्सारचा पीरियड सुमारे १.३३७ सेकंद आहे आणि त्याची पल्स साधारण ०.०४ सेकंद टिकते, म्हणजे ड्यूटी जेमतेम ३ टक्के. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना अशाच पल्स टिपत असतात. ती दुर्बीण पाहायला गेलात तर हा आकडा आठवून जा, फार आनंद होतो.

'माप की निरोप' म्हणजे काय?

पल्सच्या रुंदीचा वापर दोन अगदी वेगळ्या कामांसाठी होतो.

पहिलं काम मापून देण्याचं. मोटर, एलईडी, हीटर, बॅटरीचा चार्जर यांना वीज सतत न देता तुकड्यातुकड्यांनी द्यायची आणि तुकडा लहानमोठा करून एकूण वीज कमीजास्त करायची. यालाच पल्स विड्थ मॉड्युलेशन, पीडब्ल्यूएम म्हणतात. इथे महत्त्व ड्यूटी सायकलला. १२ व्होल्टपासून ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर हेच करतो: ५ भागिले १२, म्हणजे सुमारे ४२ टक्के वेळ स्विच चालू, आणि पुढची कॉइल आणि कपॅसिटर ते तुकडे सपाट करतात.

दुसरं काम निरोप सांगण्याचं. इथे पल्समधली वीज कुणाला नको असते, ती किती वेळ टिकली एवढंच पुढचा ऐकतो. सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनाला जाऊन थांबणारी), रिमोट, अंतर मोजणारा सेन्सर हे सगळे या गटातले. यात बहुतेक ठिकाणी ड्यूटी सायकल बिनमहत्त्वाची, आणि मायक्रोसेकंदांतली रुंदी सर्वस्व.

तार तीच, व्होल्टेज तेच, स्कोपवर चित्रही सारखंच दिसतं. म्हणून लोक फसतात.

सर्वो थरथरतो आणि तापतो. काय चुकतंय?

एक विद्यार्थी रोबोटचा हात घेऊन आला होता. "सर, सर्वो थरथरतोय, आणि मधे नेला की तिथे थांबतच नाही." मी म्हटलं, "हात लावून बघितलंस?" त्याने बोट टेकवलं आणि लगेच काढून घेतलं. सर्वोमधून बारीक किरकिर चालू होती, जणू आत कुणीतरी दोन्ही बाजूंनी ओढतंय.

प्रोग्राम उघडला तर पिन ९ वर अॅनालॉगराइट १२८ असं लिहिलेलं, म्हणजे पीडब्ल्यूएम काढायची आज्ञा. त्याचा हिशेब सरळ होता: ० ते २५५ मधलं १२८ म्हणजे निम्मं, म्हणजे सर्वो मधे. पण अर्दुइनोच्या उनो बोर्डावर पिन ९ ची पीडब्ल्यूएम फ्रिक्वेन्सी सुमारे ४९० हर्ट्झ असते. पीरियड २.०४ मिलिसेकंद, त्याच्या निम्मे १.०२ मिलिसेकंद. सर्वोच्या भाषेत सुमारे १ मिलिसेकंद म्हणजे एका टोकाला जा, १.५ म्हणजे मधे, २ म्हणजे दुसऱ्या टोकाला. तेव्हा त्याला निरोप गेला 'टोकाला जा', आणि तोही सेकंदाला ५० वेळा जायच्या ऐवजी जवळपास ५०० वेळा. साधा सर्वो प्रत्येक पल्सला आपल्या मोटरला एक धक्का देतो. दहापट धक्के मिळाल्यावर तो तापणारच.

सर्वोला दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स लागते. त्यासाठी सर्वोची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, वापरा. मुलाने तीन ओळी बदलल्या, किरकिर थांबली आणि हात सरळ मधे येऊन उभा राहिला.

काहीजण पुढे विचारतात, पीडब्ल्यूएमच ५० हर्ट्झवर आणलं तर? चालेल, पण पायऱ्या मोजून पाहा. २० मिलिसेकंदांचे २५६ भाग केले तर १ ते २ मिलिसेकंदांच्या पट्ट्यात फक्त १३-एक पायऱ्या येतात, सर्वो झटके देत फिरतो. ईएसपी३२ या दुसऱ्या कंट्रोलरवर १६ बिट, म्हणजे ६५५३६ पायऱ्या घेता येतात. तिथे मध्यबिंदू ६५५३६ पैकी ४९१५ वर येतो आणि हालचाल मऊ होते.

मल्टिमीटर ३ व्होल्ट दाखवतो, मग हीटर इतका तापतो कसा?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण विचारणाऱ्याने हाताने आणि मीटरने दोन्हीकडून तपासलेलं असतं आणि दोन्ही खरं असतं.

१२ व्होल्टची बॅटरी, ६ ओहमचा हीटर, २५ टक्के ड्यूटी. डीसी रेंजवर मीटर सरासरी दाखवतो: १२ चा पाव भाग, ३ व्होल्ट. ३ चा वर्ग ९, भागिले ६, म्हणजे दीड वॉट. पण हीटरला ३ व्होल्ट कधी मिळालेच नाहीत. त्याला पाव वेळ पूर्ण १२ व्होल्ट मिळाले आणि पाऊण वेळ शून्य. १२ व्होल्टला तो २४ वॉट घेतो, त्याचा पाव भाग ६ वॉट. मीटरवरून काढलेल्या हिशेबाच्या चौपट.

उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर चालते, आणि सरासरी काढून वर्ग करणं वेगळं, वर्ग करून सरासरी काढणं वेगळं. दुसऱ्या रीतीने येणारा आकडा म्हणजे आरएमएस. पीडब्ल्यूएममध्ये तो पूर्ण व्होल्टेज गुणिले ड्यूटीचं वर्गमूळ इतका येतो. इथे १२ गुणिले अर्धा, ६ व्होल्ट. ६ चा वर्ग ३६, भागिले ६, बरोबर ६ वॉट.

मीटरची एसी रेंज लावून हा आकडा मिळवू नका. बरेच मीटर साइन वेव्ह धरूनच एसी दाखवतात, आणि ट्रू आरएमएस लिहिलेले मीटरही सहसा डीसीचा भाग वगळून मोजतात. ड्यूटी मोजा आणि गणित हाताने करा.

एलईडी ३ व्होल्टचा आहे. १२ व्होल्टवर २५ टक्के पीडब्ल्यूएम दिलं तर रेझिस्टर वगळता येईल का?

नाही. कृपा करून करू नका. सरासरी ३ व्होल्ट होते, पण पल्स चालू असताना एलईडीवर थेट १२ व्होल्ट येतात, आणि करंट अडवायला मधे काहीच नसतं. एलईडी पहिल्याच पल्समध्ये जाऊ शकतो. पीडब्ल्यूएमने वेळ कमी होतो, पल्सची उंची तशीच राहते. रेझिस्टर किंवा करंट ठरवणारा ड्रायव्हर लागतोच.

पीडब्ल्यूएमपासून खरंच सपाट डीसी व्होल्टेज करता येतं का?

येतं. अॅनालॉगराइट हे नाव दिशाभूल करणारं आहे, कारण त्या पिनवर अॅनालॉग काहीच नसतं, ० आणि ५ व्होल्ट एवढंच असतं. पिनपुढे एक रेझिस्टर आणि जमिनीकडे (ग्राउंडकडे) एक कपॅसिटर लावला की चढउतार गुळगुळीत होतो.

किती, ते पाहू. ४९० हर्ट्झ, १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड घेतले तर निम्म्या ड्यूटीला साधारण पाव व्होल्टची लहर उरते. कपॅसिटर १० मायक्रोफॅरड केला तर लहर सुमारे २५ मिलिव्होल्टवर येते. पण आता नवं व्होल्टेज स्थिर व्हायला अर्धा सेकंद लागतो. कमी लहर आणि चपळाई दोन्ही हवं असेल तर कपॅसिटर वाढवू नका, पीडब्ल्यूएमची फ्रिक्वेन्सी वाढवा. आणि या पॉइंटवर थेट भार जोडू नका. पुढे १० किलोओहमचा भार आला तरी व्होल्टेज निम्मं होतं, म्हणून मधे ऑप-अँपचा बफर द्या.

ड्यूटी ५० टक्के केली तरी एलईडी निम्मा दिसत नाही, जवळपास पूर्णच वाटतो. का?

एलईडी खरोखर निम्माच प्रकाश देतो, फरक डोळ्यात आहे. कमी उजेडातला बदल डोळ्याला मोठा वाटतो, जास्त उजेडातला छोटा. अंदाजे २.२ चा घात धरला तर निम्मा वाटणारा उजेड २२ टक्के ड्यूटीला येतो, म्हणजे २५५ पैकी ५५ च्या आसपास. दिवा हळूहळू मंद करायचा असेल तर आकडे एकसारखे उतरवू नका, या घातावरून तक्ता करून ठेवा. गणपतीच्या आराशीत दिवे शेवटी एकदम विझल्यासारखे वाटतात, त्याचं कारण बहुतेकदा हेच.

मोबाइलच्या व्हिडिओत दिव्यावर काळे पट्टे दिसतात तेही पीडब्ल्यूएममुळे. कॅमेरा चित्र ओळीओळीने वाचतो. काही ओळी दिवा चालू असताना वाचल्या जातात, काही बंद असताना. फ्रिक्वेन्सी वाढवली की पट्टे बारीक होत विरून जातात.

मोटरला कोणती फ्रिक्वेन्सी द्यावी? शिट्टीसारखा आवाज येतो.

आवाज येतो कारण मोटरची वाइंडिंग त्या फ्रिक्वेन्सीला थरथरते. ४९० हर्ट्झ कानाला स्पष्ट ऐकू येतं. २० किलोहर्ट्झच्या वर गेलं की माणसाला ऐकू येत नाही, म्हणूनच कॉम्प्युटरच्या चार वायरींच्या पंख्यांना २५ किलोहर्ट्झ ठरवलेले आहेत.

मग सगळे २५ वरच का जात नाहीत? मॉसफेट, म्हणजे मोटरची वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, तापतो म्हणून. मॉसफेट पूर्ण चालू असताना फारसा तापत नाही, पूर्ण बंद असताना अजिबात नाही. तो तापतो मधल्या क्षणी, जेव्हा त्याच्यावर व्होल्टेजही असतं आणि त्यातून करंटही जात असतो. त्याच्या गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, सुमारे ५० नॅनोकूलोंब चार्ज लागतो असं धरा, आणि कंट्रोलरची पिन २० मिलिअँपिअर देते. गेट भरायला २.५ मायक्रोसेकंद, रिकामं करायला तेवढेच. ४९० हर्ट्झला पीरियड २०४० मायक्रोसेकंद आहे, त्यात हे ५ मायक्रोसेकंद कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. २५ किलोहर्ट्झला पीरियड फक्त ४० मायक्रोसेकंद. म्हणजे आठवा हिस्सा वेळ गेट भरण्या-उपसण्यातच गेला, आणि त्यातला बराच काळ मॉसफेट ना धड चालू ना धड बंद. गेट ड्रायव्हरची आयसी यासाठीच असते, ती अँपिअरमध्ये करंट देऊन हे काम झटक्यात उरकते.

त्यातच एक नेहमीची चूक मिसळते. बाजारात सहज मिळतो म्हणून लोक आयआरएफ५४० घेतात. त्याला गेटवर १० व्होल्ट हवेत. ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि कोणत्याही फ्रिक्वेन्सीला भाजतो. थेट कंट्रोलरवरून चालवायचा असेल तर आयआरएलझेड४४एन सारखा लॉजिक लेव्हलचा घ्या. गेट आणि जमिनीमध्ये १० किलोओहम टाका, म्हणजे बोर्ड रीसेट होताना मोटर आपोआप धावणार नाही.

मोटरला समांतर उलटा डायोड हवाच. स्विच बंद झाला तरी वाइंडिंगमधला करंट थांबायला तयार नसतो, त्याला वाट द्यावी लागते. १एन४००७ हा ५० हर्ट्झच्या रेक्टिफायरसाठीचा डायोड, बंद व्हायला त्याला अनेक मायक्रोसेकंद लागतात. जलद पीडब्ल्यूएमवर झटपट बंद होणारा शॉट्की डायोड घ्या: लहान मोटरला १एन५८१९, ३ अँपिअरपर्यंत १एन५८२२.

मायक्रोकंट्रोलरशिवाय ठरावीक रुंदीची पल्स कशी काढायची?

५५५ ही टायमर आयसी घ्या. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली सिग्नेटिक्ससाठी ती रचली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. आजही ती चिल्लर पैशांत मिळते. एकाच पल्सच्या जोडणीत रुंदी येते १.१ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर. १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड म्हणजे १.१ मिलिसेकंद.

दोन गोष्टी जपा. ट्रिगरची पल्स बाहेर येणाऱ्या पल्सपेक्षा छोटी असली पाहिजे, नाहीतर ट्रिगर सुटेपर्यंत आउटपुट वरच अडकून राहतं. आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरचा आकडा सहसा २० टक्के इकडेतिकडे असतो, रुंदीही तितकीच सरकते. नेमकं हवं असेल तर फिल्म कपॅसिटर वापरा.

रिमोटच्या पल्समध्ये १ आणि ० कसे ओळखतात?

एनईसी प्रोटोकॉल, म्हणजे पल्सची एक ठरलेली भाषा, खूप रिमोटमध्ये आहे, त्याचंच पाहू. सुरुवातीला इन्फ्रारेड उजेडाचा ९ मिलिसेकंदांचा लांब झोत आणि ४.५ मिलिसेकंद शांतता. मग प्रत्येक बिटसाठी ५६२.५ मायक्रोसेकंदांचा झोत. पुढे तितकीच शांतता आली तर ०, तिप्पट शांतता आली तर १. झोत दोन्हींत सारखाच, निरोप शांततेच्या लांबीत आहे. ज्याने हे शोधलं त्याचं मला कायम कौतुक वाटतं.

झोताच्या पोटातही पल्स असतात. तो सलग उजेड नसतो, ३८ किलोहर्ट्झने उघडझाप असते, एका झोतात साधारण २१ वेळा. ऊन आणि ट्यूबलाइटमधूनही इन्फ्रारेड येतं, पण ते ३८ किलोहर्ट्झने लुकलुकत नाही, म्हणून रिसीव्हर त्याला गाळून टाकतो.

टाकीतली पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर दुपारी चुकीचं अंतर दाखवतो. सेन्सर खराब आहे का?

बहुधा नाही. एचसी-एसआर०४ या आवाजाने अंतर मोजणाऱ्या सेन्सरला तुम्ही १० मायक्रोसेकंदांची पल्स देता, तो ४० किलोहर्ट्झच्या आवाजाचे ८ ठोके सोडतो आणि आवाज जाऊन येईपर्यंत जितका वेळ गेला तितक्या रुंदीची पल्स एको पिनवर देतो. लोक त्या मायक्रोसेकंदांना ५८ ने भागून सेंटिमीटर काढतात. हे ५८ आलं २० अंशांच्या हवेतून, जिथे आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो.

मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीच्या आत हवा ४० अंशांवर सहज जाते. तिथे वेग ३५५ मीटर. पाणी १ मीटर खाली असताना पल्स येते साधारण ५६३४ मायक्रोसेकंदांची, भागिले ५८, उत्तर ९७ सेंटिमीटर. टाकी ३ सेंटिमीटर जास्त भरलेली दिसते आणि संध्याकाळी आपोआप पूर्वपदावर येते. माझ्या घरच्या टाकीवर मी तापमानाचा एक सेन्सर जोडला आणि वेगाचं सूत्र ३३१ अधिक ०.६ गुणिले तापमान असं ठेवलं, तेव्हा दिवसभराचा आलेख सपाट झाला.

आकडे मधेच उड्या मारत असतील तर कारण बहुधा सेन्सरच्या तोंडावर जमलेले थेंब. पाच वाचनं घ्या, चढत्या क्रमाने लावा आणि मधलं धरा. सरासरी धरू नका, एक चुकीचं वाचनही तिला ओढून नेतं.

इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरमध्ये पीडब्ल्यूएम असतं म्हणे. ते मोटरसाठी का?

गाडीत मोटरसाठी असतंच, पण तुम्ही ऐकलं ते बहुधा चार्जिंगच्या केबलबद्दल. टाइप २ च्या प्लगमध्ये कंट्रोल पायलट नावाची एक बारीक तार असते. चार्जर तिच्यावर १ किलोहर्ट्झची, अधिक १२ ते उणे १२ व्होल्टची पल्स पाठवतो. गाडी तिची ड्यूटी वाचते. १० ते ८५ टक्क्यांपर्यंत ड्यूटीचा आकडा गुणिले ०.६ म्हणजे किती अँपिअर घ्यायची मुभा आहे ते. २६.७ टक्के म्हणजे १६ अँपिअर, ५३.३ टक्के म्हणजे ३२.

गाडी उत्तर देते पल्सची उंची ओढून. ९ व्होल्टवर आणली म्हणजे 'मी जोडलेली आहे', ६ वर आणली म्हणजे 'वीज सोड'. तोपर्यंत जाड तारांमध्ये वीज येतच नाही. इथे चार्जर रुंदीत बोलतो, गाडी उंचीत उत्तर देते, आणि दोघंही एकाच तारेवर. ड्यूटी सायकल स्वतःच निरोप बनल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

बाइकच्या इंजेक्टरची पल्स विड्थ मोजून काय कळतं?

पेट्रोल किती जातंय ते. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर बहुतेक बाइकचे कार्ब्युरेटर गेले आणि इंजेक्टर आले. पेट्रोलचा दाब ठरलेला असतो, म्हणून इंजेक्टर जितका वेळ उघडा तितकं पेट्रोल. हे मापच आहे. आयडलला ही पल्स साधारण २ ते ३ मिलिसेकंदांची असते. पण विजेची पल्स सुरू झाल्यावर सुई उचलायला साधारण मिलिसेकंदभर जातो, आणि बॅटरी उतरली असेल तर अधिकच. म्हणून स्कोपवर दिसणारी रुंदी म्हणजे पेट्रोलची रुंदी असं धरून चालू नका.

घरच्या वीज मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो, त्याच्या पल्सची रुंदी मोजावी का?

रुंदी नको, संख्या मोजा. मीटरवर दर युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं, काहींवर ३२०० असतं. तसं असेल तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्यांनी भागा. ७.५ सेकंद आले तर घरात १५० वॉट चालू आहेत.

स्कोप घेतला तर कोणता? माझ्या छोट्या स्कोपवर पल्स गोल दिसते.

०.३५ ला स्कोपच्या बँडविड्थने भागा, तेवढा राइज टाइम स्कोप स्वतःच्या पदरचा घालतो. किटमध्ये येणारे छोटे स्कोप २०० किलोहर्ट्झचे असतात, म्हणजे १.७५ मायक्रोसेकंद. सर्वोची किंवा रिमोटची पल्स त्यावर छान दिसते. रंगीत एलईडी पट्टीतल्या डब्ल्यूएस२८१२ ची ०.४ मायक्रोसेकंदांची पल्स मात्र त्यावर नीट उमटतच नाही. १०० मेगाहर्ट्झचा स्कोप साडेतीन नॅनोसेकंदांपर्यंत जातो.

पैसे खर्च करण्याआधी प्रोब बघा. १० पटीवर ठेवा, स्कोपच्याच १ किलोहर्ट्झच्या चौकोनी सिग्नलवर त्याचा छोटा स्क्रू फिरवून कडा सपाट करून घ्या. आणि जमिनीची लांब क्लिप काढून जवळात जवळ जमीन पकडा. पल्सच्या टोकावर दिसणारी थरथर बऱ्याचदा सर्किटमध्ये नसतेच, ती त्या लांब क्लिपमुळे येते.

पल्स आलीच नव्हती तरी काउंटर वाढतो. किंवा पल्स आली तरी पकडली जात नाही. उपाय काय?

पकडली जात नसेल तर प्रोग्राम दुसरीकडे अडकलेला असतो. एक सेकंदाच्या डिलेमध्ये १ मिलिसेकंदाची पल्स येऊन निघून जाते. तिथे इंटरप्ट वापरा, म्हणजे पल्स येताच कंट्रोलर हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघतो. रुंदी बारकाईने हवी असेल तर उनोवर मायक्रोसेकंद मोजणारं फंक्शन ४ च्या पटीतच मोजतं. पिन ८ वरचा इनपुट कॅप्चर (कडा आल्याचा क्षण हार्डवेअरमध्येच टिपणारी सोय) मात्र ६२.५ नॅनोसेकंदांपर्यंत उतरतो.

उलटी तक्रार जास्त त्रासाची. एका शेतातल्या पाण्याच्या मीटरचा काउंटर पंप सुरू-बंद होताना दोन-चार पल्स वाढायचा. प्रवाह मोजणारा सेन्सर दर लिटरला ४५० पल्स देणारा, म्हणजे मिनिटाला ३० लिटर पाणी असताना २२५ हर्ट्झ आणि प्रत्येक पल्स सुमारे २.२ मिलिसेकंदांची. सेन्सर बदलून झाला होता, बोर्ड बदलून झाला होता. सेन्सरची वायर स्टार्टरच्या केबलशेजारून एकाच पाइपातून नेलेली होती. स्कोपवर एकदाच टिपायचं बटण दाबून पंप चालू केला तेव्हा दिसलं: दोन-तीन मायक्रोसेकंदांचे काटे, पूर्ण ५ व्होल्ट उंचीचे. उंचीवरून खऱ्या आणि खोट्या पल्समध्ये फरक करता येत नव्हता. रुंदीत मात्र हजारपटीचं अंतर होतं. पिनपाशी १० किलोओहम आणि १० नॅनोफॅरड लावले, म्हणजे १०० मायक्रोसेकंद, काट्यांना फार आणि खऱ्या पल्सला काहीच नाही. मग पंप दहा वेळा चालू-बंद केला. आकडा जागचा हलला नाही.